डोहातल्या नावेचा बंदोबस्त

सोलापुरात राहून मी स्कूबा डायव्हिंग करते, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग आकाशाकडे, आणि मग विचारतो, "पण कशात?" प्रश्न रास्त आहे. आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि त्या दिवशी लोक कामावर दांडी मारून घरी थांबतात. अशा गावात पाण्याखाली जायला शिकणं म्हणजे उपास धरल्यावर खानावळीचा पास काढण्यासारखं आहे.

तर कशात? चिंचोळी एमआयडीसीच्या पलीकडे दगडाची एक सोडून दिलेली खाण आहे, तिच्यात. खोदता खोदता झरा लागला, पंप लावूनही पाणी हटेना, तेव्हा मालकाने नाद सोडला. पाणी हिरवं, गार आणि पावसाळ्यानंतर चाळीसेक फूट खोल. दर रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण तिथे जमायचो. शिकवणारे नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडे होते. हुद्द्याने ते कॅप्टन नव्हते, पण सोलापुरात परत आल्यावर रिक्षावाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी त्यांना कॅप्टन केलं. दोन वर्षं त्यांनी विरोध केला, मग हाक मारली की वळून बघायला लागले.

मी तेव्हा पन्नाशीला टेकलेली, कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवणारी बाई. विहिरीत पोहायला लहानपणीच शिकले होते. उरलेलं कॅप्टननी शिकवलं: श्वास रोखायचा नाही, घाईने वर यायचं नाही आणि पाण्याखाली दिसलेली वस्तू उचलायची नाही. तिसरा नियम त्यांचा सगळ्यांत लाडका. कोकणच्या समुद्रात एक बुडालेलं गलबत ते वर्षानुवर्षं बघत आले होते. पहिल्या वर्षी त्याला घंटा होती, दुसऱ्या वर्षी नव्हती. मग कड्या गेल्या, मग सुकाणू, मग एकेक फळी. "आणखी चार वर्षांनी ते गलबत बघायला मला लोकांच्या दिवाणखान्यांतून हिंडावं लागलं असतं," असं ते म्हणायचे.

हा नियम मला पटला होता आणि आजही पटतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाचा विश्वास बसणार नाही. आमच्या खाणीच्या तळाशी दोन मोटारसायकली, एक शिलाई मशीन आणि एक लाकडी देव्हारा आहे. तिसऱ्या नियमाला धरून ते सगळं आम्ही जिथल्या तिथे ठेवलंय. मोटारसायकलींचं पोलिसांना कळवलं होतं. त्यांनी उलट आम्हालाच विचारलं, तुम्ही तिथे काय करत होता?

खाणीचा कंटाळा आल्यावर कॅप्टननी डोह शोधून काढला. अक्कलकोटच्या खालच्या अंगाला भीमा नदी महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या मधून वाहते. वाहते ती पावसाळ्यात. शिमग्यानंतर तिचे तुकडे पडतात. मधे कोरडा कातळ, वाळू, आणि अधूनमधून डोह. एका गावापाशी असा मोठा डोह आहे आणि त्या डोहाच्या तळात कातळाला पडलेलं गोल भोक आहे. पाण्याबरोबर फिरणाऱ्या गोट्यांनी हजारो वर्षं घासून केलेला रांजणखळगा. भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर त्याचं चित्र काढते. आत उतरून बघायची संधी कुठे मिळणार होती? गावात त्या भोकाची ख्याती मोठी. सात खाटांची सुंभं एकाला एक बांधून सोडली तरी तळ लागत नाही, असं प्रत्येक जण सांगायचा. आम्ही खुणा केलेली दोरी घेऊन खाली गेलो. डोहाच्या पृष्ठभागापासून भोकाच्या तळापर्यंत सदतीस फूट भरले.

वर आल्यावर आकडा सांगितला.

"तुमची दोरी आखडली आसंल," एक म्हातारेबुवा म्हणाले. "पान्यात आखडती की."

"व्हय, आन् ह्यांच्या पाठीवरचा ग्यास संपत आला आसनार. घाईत मोजलंया," दुसऱ्याने दुजोरा दिला. मी त्यांच्या दंतकथेची खोली कमी केली होती, तेव्हा एवढं ऐकून घेणं भाग होतं.

पण त्याच खेपेला, भोकाच्या तोंडाजवळ, पंधरा-सोळा फुटांवरच्या कातळाच्या पायरीवर मला ती दिसली. नाव. लाकडी, वीसेक फूट लांब, सरळ, न कलंडलेली, दगडांनी भरलेली. गाळाचा पातळ थर बसलेला. नाकाशी बोटाएवढ्या माशांची रांग. हिरव्या पाण्यात वरून ऊन तिरपं येत होतं आणि ती अशी बसली होती की जणू कुणाची तरी वाट बघतेय. मी बराच वेळ तिच्याभोवती फिरले. हात लावला नाही. काठावर एक मध्यमवयीन माणूस बिडी ओढत बसला होता, आम्ही पाण्यात शिरताना तो एवढंच म्हणाला होता, "खाली जरा बगून चाला."

आता माझी चूक. मी कॉलेजच्या वार्षिक अंकात या डोहावर चार पानं लिहिली आणि त्यांत 'एका बुडालेल्या नौकेचे अवशेष' असे शब्द वापरले. नुसतं 'एक नाव दिसली' असं लिहिलं असतं तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. 'नौका' म्हटलं, 'अवशेष' म्हटलं, आणि ते पान आमच्या एका माजी प्राचार्यांच्या हाती पडलं.

माजी प्राचार्य म्हणजे सत्कार, शाल, श्रीफळ आणि प्रास्ताविक यांवर जगणारा माणूस. त्यांच्या घरातल्या शालींत एक अख्खं वसतिगृह थंडी काढू शकेल. त्यांनी आठवड्याच्या आत 'जलवारसा संवर्धन समिती' काढली, स्वतः अध्यक्ष झाले आणि मला 'नौकेच्या शोधकर्त्या' म्हणून सदस्य केलं. मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. उजनीच्या पाण्याखाली देवळं गेली, घाट गेले, त्यांचे दगड लोकांनी उन्हाळ्यात ट्रॅक्टरने नेले. निदान एक तरी जागा कुणी सांभाळत असेल तर बिघडलं कुठे, असं मला मनापासून वाटलं.

समिती तीन गाड्या घेऊन गावात गेली. मोजपट्टी, फायली, टोप्या. इथे एक गोष्ट आमच्या लक्षात यायला हवी होती आणि आली नाही. नदीकाठच्या गावात मोजपट्टी आणि फाईल घेतलेली माणसं एकाच कामासाठी येतात: वाळू कुणी उपसली ते शोधायला. त्यामुळे गाड्या दिसताच अख्ख्या गावाची स्मरणशक्ती गेली.

"ही नौका कुणाची आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"कसली नाव?" सरपंच म्हणाले.

"डोहात आहे ती."

"डोहात काय आसतंय सायेब. पानी आसतंय."

दोरी आखडते म्हणणारे म्हातारेबुवा तेवढे भिडस्त निघाले. पाहुण्यांना अगदीच रिकाम्या हाताने पाठवू नये असं त्यांना वाटलं असावं. "नाव व्हय? दरसाल हितंच आसती की," ते म्हणाले. सरपंचांनी त्यांच्याकडे रागाने बघितलं. अध्यक्षांनी वहीत लिहिलं: 'स्थानिकांच्या स्मृतीत पिढ्यान्‌पिढ्या.'

पुण्याहून आणलेल्या एका जाणकारांनी मी पाण्याखाली काढलेले नावेचे फोटो बघून अहवाल केला. मी तो अजून जपून ठेवलाय. नावेतले दगड हा 'प्राचीन नौकानयनातील तोल सांभाळणारा भार' होता. त्यांतला एक चपटा, गुळगुळीत दगड 'विधीसाठी वापरलेला असण्याची शक्यता'. फळ्यांच्या सांध्यातलं डांबर 'परदेशी व्यापाराकडे निर्देश करणारं'. आणि तळाच्या फटीत कोंबलेलं कापड 'वस्त्रावशेष, काळ अनिश्चित'. जाणकारांना पोहता येत नव्हतं, पण त्याचा अहवालाच्या भाषेवर काही परिणाम झालेला दिसत नाही.

मग काठावर फलक लागला. संरक्षित जलवारसा स्थळ, नौकेस हात लावू नये, लावल्यास कारवाई. डोहाभोवती दोरीला तेलाचे रिकामे डबे बांधून सीमा आखली. आणि एक रखवालदार नेमला. सरपंचांनीच माणूस सुचवला: तो बिडीवाला. "त्यो दिवसभर तितंच आसतोय," सरपंच म्हणाले, आणि का कोण जाणे, गावातले चार जण खाली मान घालून खोकले. त्याला खाकी शर्ट आणि शिट्टी मिळाली. आम्ही गेलो की तो उठून उभा राहायचा, सलाम करायचा आणि बसायचा. इतका निष्ठावान रखवालदार मी पाहिला नव्हता. नजर पाण्यावरून हलायची नाही.

मे महिन्यात कॅप्टन आणि मी पुन्हा मोजमापासाठी गेलो. डोहाकाठी कपडे बदलायला आडोसा नसतो. रखवालदाराची बायको तिथेच धुणं धूत होती; न सांगता उठली आणि ओलं लुगडं दोन्ही हातांनी ताणून माझ्यासाठी पडदा धरला. पन्नाशीच्या आसपासची, काटक, दंडावर गोंदण. मी त्या रबरी पोशाखात स्वतःला कोंबत होते, ती लुगड्याच्या वरून बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "येक इचारू? आमची नाव कवा सोडनार तुमी?"

मी एक पाय आत, एक पाय बाहेर अशी थांबले. "कुठली नाव?"

"ह्या डोहात किती नावा हायती? येकच की. आमचीच ती. ह्या मानसाची आन् माझी."

"तुमची? मग बुडाली कशी?"

ती इतकी हसली की पडदा खाली आला. "बुडती कशी? निजवलीया! शिमगा झाला, पानी आटलं, की दरसाल निजवतो. वर ठिवली तर ऊन खातं लाकडाला. फळ्या आकसत्यात, फटी पडत्यात, मग पावसाळ्यात ती चाळनी. पान्यात ठिवली की लाकूड फुगून ऱ्हातं, टंच. दगडं घालायचे, खाली बसती. दगडं काढले, वर येती. ह्यांच्या बानं तसंच केलं, त्याच्या बानं तसंच."

मी काठावरच्या खाकी शर्टाकडे बघितलं. तो सलाम करून बसला होता.

"अहो, मग तुमच्या मालकांनी सांगितलं का नाही? ते तर तिचीच राखण करताहेत!"

"ओ!" तिने नवऱ्याला हाक मारली. "बाई इचारतायत, सांगितलं का न्हाई म्हनून."

"हौदु," तो म्हणाला. त्या काठाला निम्मी वाक्यं कानडीत सुरू होतात. "सांगितलं न्हाई खरं. आदी वाटलं वाळूचं हाय. मग वाटलं लायसनचं हाय. मग म्हनले, नाव राखा. म्हनलं, बरं. राखतोच की आपन."

तिने मग मला खालच्या नावेची ओळख करून दिली. विधीचा दगड तिचा धुण्याचा दगड होता. घाईत नवऱ्याने तोही नावेत टाकला आणि तेव्हापासून ती खडबडीत कातळावर लुगडी फाडत होती. परदेशी डांबर रस्त्याच्या कंत्राटदाराच्या पिंपातलं होतं. आणि वस्त्रावशेषाबद्दल ती म्हणाली, "त्ये व्हय? जुनी चादर हाय. फटीत कोंबली."

मी खाली गेले आणि पहिल्यांदाच तिसरा नियम मोडला. कापडावरचा गाळ बोटाने पुसला. त्याखालून नक्षी आली. सोलापुरी चादर. आमच्या घरच्या पलंगावर तीच आहे, तोच रंग, तीच फुलं. भूगोलाची बाई असून मला पाण्याखाली लाजल्यासारखं झालं. वर येताना चपटा दगड घेऊन आले आणि तिच्या हातात दिला. जलवारसा स्थळावरची ती पहिली चोरी.

पण तिची घाई दगडासाठी नव्हती. सोलापूरला प्यायचं पाणी द्यायला उजनीतून नदीत पाणी सोडतात. ते कोरड्या पात्रातून येतं, डोह भरतो आणि प्रवाह धरतो. त्या आधी नाव वर हवी. तशीच राहिली तर पाणी तिला पायरीवरून ढकलून त्या भोकात घालणार आणि कातळावर आपटून तिचा भुगा करणार. आणि नाव नसली की गावाची पलीकडच्या काठावरची शेतं तुटणार, पलीकडून येणारे इकडच्या बाजाराला मुकणार; पुलावरून फिरून जायचं तर पाऊण दिवस मोडतो. दुसरी नाव होती कुठे? "ती गेली तर आमी दोघं करायचं काय?" तिने विचारलं. हसणं संपलं होतं. पाणी साधारण बारा-तेरा दिवसांत येणार, असं नदीकाठचे सगळे बोलत होते. म्हणजे माझ्याच नळाचं पाणी तिच्या नावेवरून जाणार होतं.

मी त्याच संध्याकाळी अध्यक्षांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला.

"मॅडम, अहवाल वर गेलाय."

"मग दुसरा पाठवू. चूक माझी, मी लिहून देते."

"चूक म्हणू नका. चूक म्हटलं की चौकशी आली. आणि नाव त्यांची असेलही, पण वारसा आपला आहे."

"सर, पाणी आलं की वारशाच्या काटक्या होतील."

"आपला लोकार्पण सोहळा त्याच्या आधीच आहे," ते म्हणाले. "नंतर निसर्ग जे करील ते करील."

एवढ्या वर्षांच्या शिक्षकी पेशात मी बरीच अध्यक्षीय भाषणं ऐकलीत; इतकं प्रामाणिक वाक्य त्यांतल्या एकातही नव्हतं. मला राग यायला हवा होता. पण सोहळा हा शब्द ऐकून माझ्या डोक्यात दुसरंच काही सुरू झालं.

"सर, सत्काराला काय देणार आहात?" मी विचारलं.

"नेहमीचंच. शाल, श्रीफळ."

"शाल सगळेच देतात हो. त्यापेक्षा नौकेतला एकेक प्राचीन दगड दिला तर? डोहातून तिथल्या तिथे काढून. ओला. नौकेला हात लावायचा नाही, फक्त दगड."

अध्यक्षांनी चष्मा घातला. त्यांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पसरला तो मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी नाववालीला विचारलं. नावेत चाळीस दगड, त्यांतला एक तिच्याकडे परत. "तीस-बत्तीस निगाले की ती आपली आपन उटती," ती म्हणाली. म्हणजे मला किमान एकतीस सत्कारमूर्ती हवे होते. दुसऱ्या गावात ही अडचण ठरली असती. मी आणि कॅप्टन यादी करायला बसलो. ते तिसऱ्या नियमाचे जनक, त्यामुळे मला धाकधूक होती. ते म्हणाले, "नियम मेलेल्या जहाजांसाठी आहे. ही झोपलीय." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पहिलं नाव लिहिलं: त्यांच्या सोसायटीचे चेअरमन, ज्यांचा नौकानयनाशी संबंध एवढाच की त्यांच्या गच्चीवरची टाकी सदा गळायची. मग आजी-माजी पदाधिकारी, मंडप देणारे, ध्वनिक्षेपक देणारे, ज्यांना बोलावलं नाही तर रुसतील असे, आणि ज्यांना बोलावलं म्हणून दुसरे रुसतील असे. यादी तेहतीसवर गेली. अध्यक्षांनी ती एका नजरेत मंजूर केली. "कुणी राहिलं तर नाही ना?" एवढंच विचारलं.

सोहळ्याच्या दिवशी काठावर मांडव, खुर्च्या, कर्णे. डोहात आम्ही चौघे: कॅप्टन, मी आणि खाणीवरच्या रविवारच्या टोळीतले दोघे. पद्धत सोपी होती: निवेदक नाव पुकारणार, आम्ही एक दगड टोपलीत घालून दोरी हलवणार, वरचे ओढून घेणार, दगडावर हळदकुंकू लावून पाहुण्याच्या ओंजळीत ठेवणार. प्रत्येक दगड चांगला आठ-दहा किलोंचा. पाहुणे तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून फोटोपुरतं हसायचे आणि मग खुर्चीपर्यंत कसे जायचे ते त्यांचं त्यांना ठाऊक. हे सगळं मला नंतर कळलं. मला खाली फक्त दोरीचे झटके जाणवत होते आणि पाण्यातून पुसट टाळ्या.

दहा दगड. वीस. नाव ढिम्म. पंचविसाव्याला तिच्या नाकाखालून गाळाची एक बारीक रेघ उठली. अठ्ठाविसाव्याला नाक बोटभर उचललं आणि पुन्हा बसलं. तिसावा गेला. एकतिसावा नाही. दोरी हलेना. मी वाट बघितली, हवेच्या काट्याकडे बघितलं आणि वर आले.

काठावर निवेदक यादीवरून बोट फिरवत होता. तीन सत्कारमूर्ती आलेच नव्हते. एकाला अक्कलकोटलाच दुसरा सत्कार लागला होता, उरलेले दोघे उन्हाला भिऊन घरी बसले होते. सत्कार संपले होते आणि अध्यक्ष माईकपाशी जाऊन घसा खाकरत होते. मांडवाच्या बाहेर नाववाली उभी होती, पदराचं टोक दातांत धरून. खाकी शर्टातला तिचा नवरा आयुष्यात पहिल्यांदा पाण्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता.

मी तोंडातली नळी काढली आणि पाण्यातूनच ओरडले, "सर! तुमचा सत्कार राहिला!"

"अहो, छे, छे," अध्यक्ष माईकमधून म्हणाले. "मी यजमान."

"ज्यांच्यामुळे ही नौका जगाला कळली, त्यांचाच नाही? हे बरं दिसतं का?" मी म्हणाले. कॅप्टन पाण्यातून तोंड वर काढून टाळ्या वाजवायला लागले. हातमोज्यांमुळे त्या टाळ्यांचा नुसता पचपच आवाज झाला, पण मांडवाला तेवढं पुरलं. तीस दगडधारकांना टाळ्या वाजवता येत नव्हत्या. त्यांनी माना हलवल्या. अध्यक्ष म्हणाले, "आपल्या आग्रहाखातर," आणि चष्मा काढला.

मी खाली गेले. उरलेल्यांतला सगळ्यांत मोठा दगड निवडला, नाकाच्या बाजूचा. टोपली वर गेली. कॅप्टननी हात आडवा करून खूण केली: सगळे बाजूला. आम्ही कातळाला पाठ लावून थांबलो.

आधी काही नाही. मग नाक उचललं, थांबलं, आणि तळाखालून गाळाचा ढग फुटला. मागचा भाग पायरीवर एकदा घासला. तो आवाज मला दातांत जाणवला. मग ती सुटली. घाई नाही, झटका नाही. चिखलात बसलेली म्हैस मनात आल्यावर उठते तशी उठली आणि आमच्या डोक्यांवरून, उरलेले आठ दगड पोटात घेऊन, उजेडाकडे गेली. काठ पाण्याच्या बरोबरीला आला तिथे थांबली.

मी वर आले तेव्हा अध्यक्ष दगड छातीशी धरून बोलत होते आणि त्यांची पाठ डोहाकडे होती. "या नौकेला पुढच्या शंभर पिढ्यांनी हात लावता कामा नये," असं काहीतरी. समोरचे सगळे त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.

"आली गं बाई आली!" नाववाली ओरडली.

रखवालदाराने शिट्टी वाजवली, खाकी शर्ट काढला, घडी करून दगडावर ठेवला आणि पाण्यात उडी घेतली. गावातले आठ-दहा बाप्ये त्याच्या मागे. दोरीवरचे तेलाचे डबे सोडून त्याच डब्यांनी नावेतलं पाणी उपसायला सुरुवात झाली. अध्यक्ष वळले. त्यांचा चेहरा बघून मला, खोटं कशाला सांगू, थोडी भीती वाटली.

पण प्रमुख पाहुणे खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. मुंबईहून आलेले, उन्हाने हैराण, आणि आत्तापर्यंत प्रत्येक गोष्टीला कंटाळलेले. "वा!" ते म्हणाले. "वा, सर! काय नियोजन! पन्नास कार्यक्रम केले आम्ही, पण बुडालेली नौका भाषण चालू असताना वर काढून दाखवणारी समिती पहिल्यांदा बघितली!"

अध्यक्षांनी नावेकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ.

"आमचा तसा प्रयत्न होता," ते म्हणाले.

समितीच्या पुढच्या बैठकीत ती 'जिवंत वारसा' ठरली. माझं सदस्यत्व तब्येतीच्या कारणास्तव संपलं. कुणाच्या तब्येतीच्या, ते इतिवृत्तात नाही. मला मात्र त्या नावेने एक शिकवलं. पाण्याखाली काही दिसलं की आम्ही आधी विचारतो, कुठल्या काळातलं? नंतर, कशाचं बनलंय? कुणाचं आहे, हे विचारायचं तर सगळ्यांत शेवटी, आणि तेही मोजपट्टी हातात धरून. आता मी काठावर बसून आधी चहा पिते. अर्ध्या तासात सगळं कळतं.

सोहळ्यानंतर पाचव्या दिवशी नदीला पाणी आलं. रविवारी मी एकटीच बसने गेले. डोह कुठे होता ते ओळखू येत नव्हतं. गढूळ, रुंद, घाईतलं पाणी, आणि त्यावर नव्या डांबराने काळी झालेली नाव. नवरा पुढे बांबू घेऊन, ती मागे वल्ह्यापाशी. खुरपी घेतलेल्या बाया, एक सायकल, दोन शेळ्या, पलीकडच्या शाळेचे एक गुरुजी. मला बघून ती म्हणाली, "बाई, मधी बसा. कडंला न्हाई." मी दोन शेळ्यांच्या मधे बसले.

ती दोर सोडणार एवढ्यात काठावर एक पांढरी गाडी थांबली. अध्यक्ष उतरले, मागून दोन पाहुणे, गळ्यात कॅमेरे. "थांबा, थांबा!" त्यांनी हात वर केला. "आम्हाला नौकेची पाहणी करायचीय."

तिने एकदा नावेत बघितलं. खुरपी, सायकल, शेळ्या, गुरुजी, मी. मग पायाने काठाला रेटा दिला.

"जागा न्हाई सायेब," ती म्हणाली. "बसा तितं. फुडच्या खेपंला घेतो."